उत्स्फूर्त चर्चेची रंगीत तालीम

कायद्याच्या त्या कॉलेजात कामगार कायदा शिकवणाऱ्या बाईंना सगळे ‘कामगार मॅडम’ म्हणत. फौजदारी कायदा शिकवणाऱ्यांना ‘आरोपी सर’ म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण मॅडमना हे नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यात थोडं तथ्यही होतं. बाकीचे प्राध्यापक कायम होते. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे शिकवतील तेवढा तास त्या कॉलेजच्या आणि घंटा झाली की कोणाच्याच नाहीत.

दर उन्हाळ्यात त्यांना ‘ब्रेक’ मिळे. ब्रेक म्हणजे सुट्टी नव्हे. सत्र संपलं की मॅडम कार्यालयात जात, स्टाफरूममधल्या आपल्या कप्प्याची किल्ली शिपाईकाकांच्या हातावर ठेवत आणि तिथून पुढे त्यांचा कॉलेजशी काडीचा संबंध उरत नसे. काही दिवसांनी नवी नेमणूक निघे. मग त्याच काकांकडून तीच किल्ली घ्यायची, त्याच कप्प्यातून तोच डस्टर काढायचा. ‘नवीन आलात का मॅडम?’ असं काका दर वर्षी न चुकता विचारत आणि मॅडम दर वर्षी न चुकता हसत. नोकरी सलग झाली की माणूस कायम होण्याचा हक्क सांगू लागतो, तेव्हा ती मधेच तोडलेली बरी, असा तो सगळा बेत होता.

गंमत अशी की मालक लोक ही युक्ती कशी करतात आणि कोर्टांनी तिचे कसे वाभाडे काढले आहेत, हे मॅडम स्वतःच दर वर्षी वर्गाला शिकवत. त्यावरचे सगळे निवाडे त्यांना तोंडपाठ होते. पक्षकारांची नावं, साल, पान, सगळं. वर्गाकडूनही त्या ते घोटून घेत आणि सत्र संपलं की निमूटपणे किल्ली द्यायला जात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं त्यांच्या मनाला कधी शिवलं नाही. निवाडे परीक्षेसाठी होते आणि किल्ली कप्प्यासाठी.

असं सगळं सुरळीत चाललं असताना वरून फर्मान आलं. कामगार कायदा यापुढे निवाडे पाठ करून शिकवायचा नाही, सामाजिक संदर्भातून शिकवायचा. त्याची पाहणी करायला एक समिती येणार होती आणि ती एका वर्गात मागे बसून तास ऐकणार होती. कॉलेजच्या दर्जाचा निकाल त्यावर लागणार होता. कायम प्राध्यापकांपैकी एकाचं ब्लडप्रेशर लगेच वाढलं, दुसऱ्याला संशोधनासाठी रजा हवी झाली. उरल्या कामगार मॅडम.

‘तुमच्यासारखं दुसरं कोणी नाही मॅडम,’ प्राचार्य म्हणाले. ‘एवढं नीट पार पाडा, तुम्हाला कायम करायचं मी बघतो.’

प्राचार्यांचं हे ‘बघतो’ मॅडमच्या चांगल्या परिचयाचं होतं. वर्गातला पंखा बंद पडला तरी ते ‘बघतो’ म्हणत आणि खरोखरच मान वर करून पंख्याकडे बघत. तरीही मॅडम हो म्हणाल्या. आजवर त्यांना कोणी एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं.

कायम होण्याची मॅडमना एवढी ओढ का, हे ऐकलं तर हसू येईल. त्यांना एकदा निवांत आजारी पडायचं होतं. बुडालेल्या तासाचे पैसे धरत नाहीत, म्हणून इतक्या वर्षांत त्या एकदाही घरी राहिल्या नव्हत्या. अंगात ताप असताना त्यांनी टेबलाला धरून आजारपणाच्या रजेचा कायदा शिकवला होता. घरी सासूबाई म्हणत, ‘अगं, माणसासारखी झोप की एक दिवस.’ मॅडम म्हणत, ‘कायम झाले की झोपते, आई.’ पांघरूण डोक्यावरून घेतलंय, कोणी विचारलं तर सासूबाई दारातूनच सांगताहेत की तिला बरं नाही, ती रजेवर आहे, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे कितीदा तरी येई. दुसऱ्या बायका डोंगर-समुद्र बघायची स्वप्नं बघतात, या बाई तापाची बघत.

मॅडम कामाला लागल्या, आणि लागल्या त्या मनापासून, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. त्यांनी वर्गाला पुस्तकं मिटायला लावली. ‘प्रत्येकानं एक काम करणारं माणूस निवडायचं. त्याच्याजवळ बसायचं. ते कधी बसतं, कधी खातं, त्याला कोण रागावू शकतं, ते आजारी पडलं तर काय होतं, ते बघायचं. कायदा आपण नंतर उघडू.’

वर्गाच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्या बाकावर पोपट बसे. हे नाव त्याला मित्रांनी दिलं होतं आणि तो ते पदवीसारखं मिरवत असे. त्यानं हात वर केला. ‘मॅडम, हे किती मार्कांना आहे?’

‘मार्कांना नाही.’

‘मग साधारण किती कामगार केले म्हणजे पोर्शन पूर्ण होईल?’

पण मुलं गेली. एकजण कपड्यांच्या दुकानातल्या विक्रेतीकडे गेला आणि गिऱ्हाईक नसतानाही तिला बसायची परवानगी नाही, हे बघून आला. एकीनं लिफ्ट चालवणाऱ्या माणसाबरोबर वर-खाली केलं आणि त्याला दिवसभर ऊन म्हणून दिसत नाही, असं वर्गात येऊन सांगितलं. हळूहळू मुलं मॅडमना नको ते विचारू लागली. आजारपणामुळे गैरहजर राहिला म्हणून काढून टाकलेल्या एका कामगाराचा निवाडा मॅडम वर्षानुवर्षं शिकवत आल्या होत्या. एक दिवस कोणीतरी विचारलं, ‘मॅडम, त्याला झालं काय होतं?’

मॅडमना साल आठवलं, पान आठवलं, न्यायमूर्तींचं नाव आठवलं. आजार काही आठवेना. त्या ग्रंथालयात गेल्या आणि तो निवाडा पहिल्यांदाच सबंध वाचला. माणसाला खोकला होता. कापसाच्या धुरळ्यानं धरलेला. त्याच्या बायकोची साक्ष होती, की हे रात्रभर बसून राहायचे, आडवं झालं की श्वास लागायचा. इतकी वर्षं आपण या माणसाला नुसतं आडनावानं हाक मारत होतो, याची त्यांना लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती साक्ष वर्गात वाचून दाखवली आणि पोपटनंसुद्धा पेन खाली ठेवलं. शिकवण्यात एवढा आनंद असतो, हे मॅडमना त्या दिवशी नव्यानं कळलं.

आणि मग धांदल उभी राहिली. धांदल म्हणजे शेवटच्या बाकावरची मुलगी. तिला काहीही पाठ होत नसे, आणि तोंडी परीक्षेत तर ती स्वतःचा रोल नंबरही चुकवे. हा पेपर तिचा मागेही राहिला होता. पण या नव्या प्रकारात तिचं बरं चाललं होतं, कारण पाठ करण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

‘मी ज्या बाई निवडल्या त्यांच्याकडे एक किल्ली आहे,’ धांदलनं सुरुवात केली. ‘ती त्यांना दर उन्हाळ्यात परत द्यावी लागते. मग त्या कामावर नाहीत असं धरतात. मग तीच किल्ली त्यांना परत देतात. त्या खडू स्वतःच्या पर्समधून आणतात. स्टाफरूममध्ये त्यांना ठरलेली खुर्ची नाही. ज्यांचा तास चालू असेल त्यांच्या खुर्चीवर त्या बसतात आणि ते आले की उठतात.’

मॅडमचे कान तापले. ती खुर्ची आपण रोज बदलतो, हे कोणाच्या लक्षात आलं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. खरं तर ते त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

तास संपल्यावर त्यांनी धांदलला थांबवून घेतलं. ‘हे बदलायचं. तू शिलाई कारखान्यातल्या बाईचं घे. मी लिहून देते.’

‘पण मॅडम, तुम्हीच म्हणालात, जे दिसतं ते आणा.’

‘दिसतं ते सगळं समितीपुढे आणायचं नसतं.’

धांदलनं मान डोलावली. आपलं उत्तर चुकलं, हे ऐकायची तिला सवय होती.

इकडे प्राचार्यांच्या जिवाला घोर लागला होता. मुलं समितीपुढे मनातलं बोलणार, या कल्पनेनंच त्यांना घाम फुटला. ‘चर्चा उत्स्फूर्तच हवी,’ ते म्हणाले, ‘पण लिहून काढा. आणि पाठ करून घ्या. आयत्या वेळी उत्स्फूर्तपणात चूक नको.’

मॅडमनी लिहून काढली. कोण कधी हात वर करणार, कोण हरकत घेणार, कुठे एकानं दुसऱ्याला अडवायचं, कुठे सगळ्यांनी हसायचं. एका ठिकाणी ‘विचारात पडणे’ असंही लिहिलं होतं आणि ते काम वर्गातल्या सगळ्यात गंभीर चेहऱ्याच्या मुलाला दिलं होतं. लिहिताना मॅडमना आपलंच हसू येत होतं आणि रडूही. पण समोर ते पांघरूण दिसत होतं. एकदा कायम झालं की खरं शिकवू, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

मुलं मात्र हरखली. हातात एकदाचं पाठ करण्यासारखं काहीतरी पडलं होतं. पोपटनं स्वतःचं तर केलंच, इतरांचंही पाठ केलं. धांदलला शिलाई कारखान्याची छोटीशी हकीकत दिली होती. ती तिला येईना. कधी कारखाना विसरायची, कधी बाई. रंगीत तालमीला प्राचार्य जातीनं हजर राहिले. ‘हरकत जरा जास्त मनापासून यायला हवी,’ त्यांनी पोपटला सुचवलं. पोपटनं हरकत मनापासून यायला हवी, हेही पाठ केलं.

समितीचा दिवस उजाडला. पायऱ्या धुतल्या होत्या आणि पंखा फिरत होता. समितीत तिघं होते. अध्यक्षा म्हणजे निवृत्त न्यायाधीश बाई, बारीक चणीच्या, कानात श्रवणयंत्र असलेल्या. पुढे मांडलेल्या खुर्च्यांकडे न बघता त्या थेट शेवटच्या बाकावर धांदलशेजारी जाऊन बसल्या. इथूनच गाडी घसरायला सुरुवात झाली. मॅडमनी खडू उचलायच्या आत अध्यक्षाबाईंनी मागून विचारलं, ‘हा वर्ग रोज एवढाच भरतो का?’

पहिलं बोलणं पोपटचं होतं. तो ताडकन उठला. ‘मी याच्याशी सहमत नाही. मालकाचीही काही बाजू असते.’

‘बाळ, मी हजेरीबद्दल विचारतेय.’

‘हाच तर खरा प्रश्न आहे,’ दुसरा उठला, कारण पोपटनंतर तो होता. ठरलेल्या ठिकाणी वर्ग हसला. विनोद कोणी केलाच नव्हता, त्यामुळे ते हसणं फार चमत्कारिक वाटलं. गंभीर चेहऱ्याचा मुलगा विचारात पडला आणि पडूनच राहिला, कारण त्याला उठवणारं वाक्य येईना. समितीतले एक सभासद कौतुकानं मान हलवत होते. त्यांना बहुतेक ऐकूच येत नव्हतं.

अध्यक्षाबाईंना मात्र सगळं ऐकू येत होतं. त्यांनी शेजारी वळून धांदलला विचारलं, ‘तू कोणाला भेटलीस?’

‘शिलाई कारखान्यातल्या बाईंना,’ धांदल उठून म्हणाली. ‘त्या... मशीनवर... त्यांना...’ तिनं छताकडे पाहिलं, मग बोटांकडे. पोपट पुढून ओठ हलवून तिला सांगत होता. ‘मला ते येत नाही,’ ती शेवटी म्हणाली. ‘मला आमच्या मॅडमचं येतं.’

आणि तिनं सांगितलं. किल्ली, खडू, खुर्ची. न अडखळता, ओळीनं, जणू समोर दिसतंय आणि ती बघून सांगतेय. दाराशी उभ्या असलेल्या प्राचार्यांना खोकला आला आणि तो थांबेना.

‘मॅडम,’ अध्यक्षाबाई म्हणाल्या, ‘ही मुलगी सांगते ते बरोबर आहे का?’

उत्तर अगदी सोपं होतं. मुलीचा गैरसमज झालाय, एवढं म्हटलं की काम झालं असतं. प्राचार्य खोकता खोकता मानेनं तेच सुचवत होते. मॅडमनी धांदलकडे पाहिलं. ती तोंडी परीक्षेला उभी राहायची तशी उभी होती, चूक असं ऐकायच्या तयारीत. मॅडमच्या मनात आलं, आता मी चूक म्हटलं तर ही पोरगी आयुष्यभर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार नाही. आणि मग त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

‘बरोबर आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण उत्तर अपुरं आहे. मी तापात उभं राहून शिकवलंय, तेही यायला हवं होतं.’

गंभीर चेहऱ्याच्या मुलानं हनुवटीवरचा हात काढला. अध्यक्षाबाईंनी चष्मा पुसला. सभासद भराभर लिहून घेऊ लागले. नंतर चहाच्या वेळी अध्यक्षाबाई मॅडमचा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘इतका जिवंत संदर्भ मी कुठल्याच कॉलेजात पाहिला नाही.’ त्या फार हेलावल्या होत्या. मग त्यांची गाडी आली.

कॉलेजला सगळ्यात वरचा दर्जा मिळाला. प्राचार्यांचा सत्कार झाला आणि त्यांनी ‘कायदा जगायला शिकवा’ या विषयावर भाषण केलं. सत्काराचा गुच्छ टेबलावर असतानाच त्यांनी मॅडमना बोलावलं. ते चिडलेले नव्हते. उलट फारच प्रेमानं बोलत होते.

‘मॅडम, तुमचं उदाहरण आता अभ्यासक्रमात घेतलंय. समितीनं खास शिफारस केली, ही पद्धत अशीच चालू ठेवा म्हणून.’

‘आणि कायम करण्याचं?’

प्राचार्यांना मनापासून वाईट वाटलं असावं. त्यांनी गुच्छ थोडा बाजूला सरकवला. ‘तुम्हीच विचार करा. तुम्हाला कायम केलं तर संदर्भ कुठून आणायचा?’

मॅडम स्टाफरूममध्ये आल्या. करार शिकवणाऱ्या सरांच्या खुर्चीवर बसल्या आणि सर आल्यावर उठल्या.

वार्षिक परीक्षेत प्रश्न आला, ‘किल्ली परत करणारी शिक्षिका : सामाजिक संदर्भासह टीप लिहा.’ ब्रेकच्या आधी पेपर तपासायला आले ते मॅडमकडेच. घरी जेवणाच्या टेबलावर त्या गठ्ठा उघडून बसल्या. प्रत्येक पेपरात तेच होतं. बाजारात आलेल्या गाइडमधून मुलांनी घोकलं होतं. किल्ली, खडू, खुर्ची, ताप. पोपटनं तर त्याखाली ‘महत्त्वाचे मुद्दे’ म्हणून चौकट आखली होती. मॅडम मार्क देत राहिल्या. आपलंच आयुष्य बरोबर लिहिलंय की नाही, हे तपासताना त्यांना तो खोकणारा माणूस सारखा आठवत होता. त्याचंही असंच झालं होतं. साल, पान, आडनाव, आणि पुढचा प्रश्न.

एक पेपर गाइडसारखा नव्हता. अक्षर वेडंवाकडं, खाडाखोड भरपूर. त्यात खुर्ची आधीच आली होती, खडू राहूनच गेला होता. शेवटी लिहिलं होतं, ‘पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मॅडमनी या वर्षी किल्ली दिली का, ते बघायला हवं.’

मॅडमनी लाल पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कार्यालयात गेल्या. शिपाईकाकांनी सवयीनं हात पुढे केला. मॅडमनी त्यावर एक अर्ज ठेवला.

काकांनी तो लांब धरून वाचला. ‘हा रजेचा आहे.’

‘हो.’

‘आजारपणाची रजा? आजपासून कॉलेज उघडेपर्यंत?’ काकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘काय होतंय तुम्हाला?’

‘अजून काही नाही. बघू.’

‘पण मॅडम, तुम्हाला रजा नसते. रजा घ्यायला माणूस कामावर असावं लागतं. आणि किल्ली?’

‘किल्ली माझ्याजवळ आहे. रजेवरचं माणूस किल्ली देत नसतं.’

‘मग ब्रेक कसा व्हायचा?’ काका काळजीत पडले. ‘साहेब विचारतील.’

‘त्यांना म्हणावं, अर्जाचं काय ते लेखी कळवा. मंजूर असलं तरी लेखी, नामंजूर असलं तरी लेखी. मला कोर्टाला दाखवायचंय.’

काकांनी अर्जाकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे. मग ड्रॉवरमधून शिक्का काढला, त्यावर तोंडानं वाफ सोडली आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर दाबून उठवला. ‘या वर्षी मग मी नवीन आलात का म्हणून विचारायचं नाही तर,’ ते म्हणाले. त्यांना जरा चुकल्यासारखं वाटत होतं.

मॅडम घरी आल्या तेव्हा सासूबाई खिडकीशी बसून बटण लावत होत्या. मॅडमनी पर्स खुंटीला अडकवली, पोच कपाटात ठेवली आणि भर दिवसा अंथरुणावर आडव्या झाल्या. पांघरूण डोक्यापर्यंत ओढून घेतलं. सासूबाई हातातलं तसंच टाकून आल्या आणि त्यांनी मॅडमच्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

‘अगं, ताप तर नाही.’

‘नाही ना, आई,’ पांघरुणातून आवाज आला. ‘रजा आहे.’